नमुना जिचा, तिच्या गावी

धाराशिव जिल्हा म्हटलं की बहुतेकांना तुळजापूर आठवतं. गाडीनं जायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं आणि त्याच दिवशी परत फिरायचं. मीही दोनदा तशीच जाऊन आले होते. या वर्षी माघात गेले ती मात्र एका बाईला शोधायला. तिचं नाव मला माहीत नव्हतं. तिच्या पेशी तेवढ्या मी पाहिल्या होत्या.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली असते अशा माणसांना काही कॅन्सर इतरांपेक्षा जास्त का होतात आणि ते वेळेत कसे ओळखायचे, हा आमचा विषय. आमच्या अभ्यासात दोन प्रकारची माणसं आहेत. काहींना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं असतं. शरीरानं ते नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ती जन्मभर घेतात. बाकीची एचआयव्हीबरोबर जगणारी. दोघांच्याही बाबतीत शरीराची राखण ढिली पडलेली असते, आणि एरवी सहज हुसकावले जाणारे विषाणू अशा शरीरात ठाण मांडून बसतात. बायकांमध्ये गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अशाच एका विषाणूमुळे होतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लोकांनी या जिल्ह्यातून पेशींचे नमुने आणले होते. ते आमच्या फ्रीझरमध्ये पडून राहिले. मशीन बिघडलं, दोन माणसं नोकरी सोडून गेली, अशी कारणं पुष्कळ सांगता येतील. पण कुणालाच घाई वाटली नाही, हे खरं. मलाही नाही. दिवाळीनंतर मी त्यातल्या एका नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खुर्ची पुढं ओढून बसले. पेशींची केंद्रकं फुगलेली, काळीभोर, वेडीवाकडी. कॅन्सरच्या अगदी अलीकडची पायरी. काचेवर फक्त एक आकडा होता.

तो आकडा जिचा होता तिचा फोन बंद. पत्र पाठवायची सोय नाही, कारण पाकीट घरातलं कुणीही फोडेल. मग आमच्या संस्थेच्या नीती समितीची परवानगी काढून मीच निघाले. सोबत शैला. ती आमच्या प्रकल्पाची समुपदेशक, तुळजापूरची, शाळामास्तरांची मुलगी. ज्यांचे नमुने आम्ही घेतो त्यांची नावं तिच्याकडं असतात, माझ्याकडं नाही. या लेखातली सगळी नावं मी बदलली आहेत. जे छापलंय ते ज्यांचं आहे त्यांना विचारूनच.

येरमाळा, सोमवार

त्या बाईचा पत्ता मुरुमचा होता; तिथं जाण्याआधी येरमाळ्याला एकाचं रक्त घ्यायचं होतं. हमरस्त्यावर एसटीतून उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. येडेश्वरीच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर दत्ताभाऊंचं दुकान आहे. नारळ, खण, हळदकुंकू, पेढे. त्यांना सहा वर्षांपूर्वी बहिणीनं मूत्रपिंड दिलं. दुकानात बसूनही ते पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी घालतात, कारण डॉक्टरांनी ऊन टाळायला आणि कातडीवर लक्ष ठेवायला सांगितलंय. ते लक्ष कसं ठेवतात हे त्यांनी मला दाखवलं. एका वहीत माणसाचं चित्र काढलंय, पुढून आणि पाठमोरं, आणि अंगावरचा प्रत्येक तीळ त्यावर टिंब देऊन मांडलाय. पाठीवरचे तीळ बायको मांडते. दर अमावस्येला ताळा घेतात. इतकी नेटकी नोंद मी दवाखान्यातही क्वचितच पाहिली आहे.

आमच्या पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का. इथं आधी चहा समोर येतो, मग जेवणाचं ताट, आणि कोण, कुठले ही चौकशी त्याच्यानंतर. वहिनींनी पाटीभर हुरडा भाजला होता. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. हात काळे करून घेत आम्ही खाल्लं. मग हात धुऊन मी दत्ताभाऊंचं रक्त घेतलं आणि नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या.

दंड चोळत ते म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? तीन वरसं झाली, तुमची माणसं माझं रक्त न्यायलीत. फुडं काय होतंय त्याचं?"

"अभ्यास होतो," मी म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसांना पुढं काय त्रास होऊ शकतो, ते त्यातून कळतं."

"ते ठावं हाय मला. माझ्या रक्तात काय वंगाळ निघालं, तर मला सांगणार का न्हाय?"

"सांगणार," मी म्हणाले.

शैला डब्याचं झाकण लावत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा झाकणाकडं वळली. दत्ताभाऊंनी वही फळीवर ठेवली. "बहिणीनं दिलंय," ते म्हणाले. "आपल्या आळसापायी वाया न्हाय गेलं पायजे."

वाटभर माझ्या डोक्यात ते 'सांगणार' फिरत राहिलं. आमच्या प्रकल्पाच्या कागदांत नमुना कसा घ्यायचा, किती अंश थंडीत ठेवायचा, नाव कसं लपवायचं, हे सगळं बारकाईनं लिहिलंय. निकाल वाईट आला तर त्या माणसाला कुणी, कधी, कसं सांगायचं, यावर एक ओळ नाही. ते कागद मी लिहिले होते.

मुरुम, मंगळवार

मुरुम ही उमरगा तालुक्यातली बाजारपेठ. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं दुकानांत गिऱ्हाईक मराठीत विचारतं आणि दुकानदार कानडीत हिशोब पुटपुटतो. तुरीच्या पोत्यांच्या राशी, त्यांच्यावर चढून बसलेले हमाल, आणि हवेत डाळीची धूळ. वाटेत गाडी बंद पडून दोन तास गेल्यामुळं आमच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. शैलानं एक आइस्क्रीमचं दुकान गाठलं आणि मालकाला विचारलं, दुपारपर्यंत डबा तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवू का?

"काय हाय डब्यात?"

"रक्त," शैला म्हणाली.

मालकानं डब्याकडं वाकून पाहिलं. "माणसाचं?"

"तपासणीचं आहे. घट्ट बंद केलेलं आहे. बर्फ तेवढा गोठवायचाय, रक्त खालच्या फ्रिजात ठेवलं तरी चालेल."

त्यानं पिस्ता कुल्फीची रास एका बाजूला सारली, वर्तमानपत्र अंथरलं आणि बर्फाच्या पिशव्यांना जागा करून दिली. रक्ताचा डबा मात्र त्यानं स्वतःच्या दुधाशेजारी न ठेवता देव्हाऱ्याखालच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवला. "देवापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाला. दुपारच्या बसनं तो डबा सोलापूरला आमच्या माणसाकडं रवाना झाला आणि मी सुटले.

मग खरं काम. नोंदीत जो पत्ता होता ते त्या बाईचं सासर. अडचण अशी, की आम्ही कोण आणि तिला का शोधतोय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिला एचआयव्ही आहे हे या गल्लीत कुणाला माहीत असेल, नसेल, आम्हाला ठाऊक नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं तरी लोकांची जीभ सुटली असती. नमुना घेताना भरलेला तिचा अर्ज शैलानं पुन्हा पुन्हा वाचला. व्यवसायापुढं लिहिलं होतं, शेळीपालन.

"आपण शेळ्या घ्यायला आलोय," ती म्हणाली.

दार तिच्या जावेनं उघडलं. दोघींना वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "कोण पायजे?"

"कमलताई आहेत का? त्यांच्याकडं चांगल्या शेळ्या मिळतात म्हणून आलो."

"ती इथं न्हाय आता. दाल्ला गेल्यावर दोन वरसं ऱ्हायली, मंग माह्यराला गेली. माकणीला." जाऊ दारात तशीच उभी राहिली. "तिला कशानं वळखता तुमी?"

"आम्ही नाही, माझा भाऊ ओळखतो. बाजारात घेतली होती त्यानं एक शेळी." शैलाचा आवाज जराही हलला नाही. "जुळी दिली म्हणे तिनं."

"तिच्या शेळ्या जुळीच देतेत," जाऊ म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "धरणाकडं भावाची वस्ती हाय. इचारा कुणालाबी."

गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी शैलाला म्हणाले, "तू फारच सराईत खोटं बोलतेस."

"दुसऱ्याचं झाकायचं असलं की येतं," ती म्हणाली.

माकणी, बुधवार

लोहारा तालुक्यातून जाताना भूकंपानंतर नव्यानं वसवलेली गावं लागतात. सरळ रेषेतल्या गल्ल्या, एकसारखी ठेंगणी घरं, आणि आता त्यांच्यापुढं वाढलेले कडुनिंब. पुढं माकणीजवळ जमीन उतरत जाते आणि एकदम पाणी दिसतं. निम्न तेरणा धरण. सगळ्या वाटेवर काळी माती आणि वाळलेली ज्वारी बघून आलेल्या माणसाला ते एवढं पाणी खरं वाटत नाही. काठाला बगळे होते, आणि काठापासून वर चढणीवर काळ्या शेळ्या. उंच, लांब कानांच्या, उस्मानाबादी म्हणतात त्या.

त्यांच्यामागं काठी घेऊन जी बाई उभी होती तीच कमल. चाळिशीची, सडपातळ, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला. पण तिच्याबरोबर तिचा भाऊही होता, त्यामुळं आम्हाला शेळ्या बघाव्याच लागल्या. भावानं एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, धरून माझ्यापुढं आणली आणि म्हणाला, "दात बघा." मी जबडा उघडून बघितला आणि काळजीनं म्हणाले, "हिचे वरचे दात पडलेत का?"

भाऊ हसला, कमल हसली, शैलासुद्धा तोंड फिरवून हसली. "शेळीला वर म्होरं दात नसतेतच, बाई," भाऊ म्हणाला. "कुठनं आलाव तुमी?"

"पुण्याहून," मी म्हणाले. त्यानं सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवली आणि मोटार चालू करायला रानात निघून गेला. माझ्या अडाणीपणाचा एवढा उपयोग झाला.

तो दूर गेल्यावर शैला कमलजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, आम्ही शेळीसाठी आलो नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दवाखान्यात एक तपासणी दिली होती. तिच्यासाठी आलोय."

कमलचं हसू गेलं. तिनं आधी भाऊ गेला त्या दिशेला पाहिलं. "माझं कायबी न्हाय," ती म्हणाली. "तुमी दुसऱ्या कुनाला तरी हुडकायलाव."

शैला तिथंच मातीत बसली. पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून तिनं कमलच्या हातात दिली. "ही माझी. बारा वर्षं झाली. रोज एक."

कमलनं बाटली उलटसुलट करून पाहिली. तिच्या ओळखीची बाटली होती ती. मी शैलाबरोबर तीन वर्षं काम करते आहे, आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझं तोंड उघडं राहिलं असावं, कारण शैला माझ्याकडं बघून म्हणाली, "बसा मॅडम. आता तुमचं काम आहे."

मी बसले आणि सरळ सांगितलं. त्या नमुन्यात काही पेशी बिघडलेल्या दिसल्या आहेत. एक विषाणू असतो, तो पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. पण एचआयव्हीनं शरीराची राखण कमी झाली की तो टिकून राहतो आणि हळूहळू पेशी बिघडवतो.

"कॅन्सर झालाय का मला?"

"नमुना घेतला तेव्हा नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी होती. आता काय आहे ते तपासल्यावरच कळेल. पायरीवरच असेल तर तेवढा भाग काढता येतो, आणि तुम्ही बऱ्या होता."

"नमुना घेतला तवा," ती म्हणाली. "म्हंजी दोन वरसं माझं तुमच्यापाशी पडून व्हतं?"

"हो."

"आन तुमी आता आलाव."

"हो. चूक आमची आहे. त्यात मीही आहे. लवकर बघायला हवं होतं, बघितलं नाही."

ती काठी घेऊन वळली. एक शेळी ज्वारीच्या कडेला गेली होती, तिला हाकारून आणली. परत येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज कडक होता. "म्या गोळी एक दिस चुकवली न्हाय. दाल्ल्यानं चुकवली, तो गेला. म्या न्हाय चुकवली. मंग हे कशानं?"

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते तिच्या बाजूचं होतं. मी म्हणाले, "गोळ्या सुरू होण्याआधी तुमची ताकद खूप खाली गेली होती ना? तेव्हा तो विषाणू आत शिरून बसला असणार. गोळी घेतली नसती तर तो याच्या कितीतरी पुढं गेला असता. तुम्ही गोळी चुकवली नाही, म्हणून आज मी तुम्हाला बऱ्या होता असं सांगू शकते."

तिनं पदरानं डोळे पुसले. ती आमच्याशेजारी मातीत बसली. मग ती म्हणाली, "कुठं यावं लागंल?"

"सोलापूरला. उद्याच निघू."

"उद्या न्हाय जमायचं. ती बघा, ती व्यायला आलीय. ती मोकळी झाल्याबिगर म्या हलायची न्हाय."

दोन वर्षं ज्यांनी घालवली त्यांनी एका दिवसासाठी घाई करणं बरं दिसलं नसतं. आम्ही त्यांच्याच घरी राहिलो. भावाच्या बायकोनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली आमटी केली. आम्ही खरं तर तपासणीचं काम करतो, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिशीनंतर सगळ्याच बायकांनी करायला हवी, म्हणून कमलताईंना नेतोय, असं शैलानं घरात सांगितलं. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. भाऊ म्हणाला, "मंग हिलाबी न्या की कवातरी," आणि बायकोकडं बोट दाखवलं. ती लाजून चुलीकडं वळली.

गुरुवारी सकाळी उन्हं वर आल्यावर शेळी व्यायली. पहिलं करडू सहज आलं, दुसरं अडलं. कमलनं हाताला तेल लावलं, डोळे मिटून आत चाचपलं, पाय सरळ केला आणि शेळी कण्हली तसं हळूच ओढून घेतलं. करडाच्या नाकातला चिकटा पुसून तिनं त्याला पाठीवर चोळलं. ते शिंकलं. हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, "चला आता." आदल्या दिवसापेक्षा ती पुष्कळ शांत दिसत होती.

सोलापूर, शुक्रवार

तपासणी करणाऱ्या डॉक्टर माझ्या जुन्या परिचयाच्या. त्यांनी कमलला आधी सगळी हत्यारं दाखवली, कशानं काय करणार ते सांगितलं. मग भिंगातून तपासलं. औषध लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा पडतो; तो पडला, पण त्याच्या कडा सगळीकडून दिसत होत्या. डॉक्टरांनी तो भाग बधिर करून विजेच्या बारीक तारेनं काढून घेतला. अर्धा तासही लागला नाही. कमलनं सगळा वेळ शैलाचा हात धरून ठेवला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढंच व्हतं?" मी म्हणाले, "निकाल आला की सांगते. या वेळी आठवड्यात."

त्या आठवड्यात मी दुसरं काम केलं नाही. काढलेल्या तुकड्याच्या काचा माझ्या टेबलावर आल्या तेव्हा मी त्या एकटीनं बघितल्या नाहीत. शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं, कारण मला एकच उत्तर हवं होतं आणि तसं हवं असलं की डोळा फसतो. बिघडलेल्या पेशी थराच्या वरपर्यंत पोचल्या होत्या. पण खाली जो पातळ पडदा असतो, जो ओलांडला की त्याला कॅन्सर म्हणतात, तो अखंड होता. आम्ही प्रत्येक काच दोनदा सरकवून पाहिली. पडदा कुठंही फाटलेला नव्हता, आणि तुकड्याच्या कडाही स्वच्छ होत्या. सहकारी म्हणाला, "सुटली." मी चष्मा काढून ठेवला.

शैलानं कमलच्या नव्या नंबरावर फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी निकाल सांगितला. कमलनं विचारलं, "म्हंजी गेलं?"

"गेलं. पण दर सहा महिन्यांनी बघायचं. गोळी चालूच ठेवायची."

"गोळीचं नगा सांगू मला," ती म्हणाली, आणि त्या शेळीच्या दातांनंतर पहिल्यांदा तिच्या आवाजात हसू ऐकू आलं.

आमच्या कागदांत आता एक नवं पान आहे. ते शैलानं लिहिलंय. नमुना घेतानाच विचारायचं, की काही निघालं तर कुणाला सांगायचं, कुठल्या नंबरावर, कुठल्या वेळी, आणि आम्ही कोण म्हणून सांगायचं. निकाल महिन्याच्या आत बघायचा. फ्रीझरमधल्या उरलेल्या सगळ्या नमुन्यांच्या काचा मी आणि माझ्या सहकाऱ्यानं मिळून संपवल्या. आणखी एक बाई तशी सापडली. तिच्यापर्यंतही शैला पोचली.

सहा महिन्यांनी कमलच्या तपासणीचा दिवस होता. मी सोलापूरला गेले होते. ती भावजयीला आणि गावातल्या आणखी एका बाईला घेऊन आली. तिचं स्वतःचं आधी झालं. सगळं ठीक होतं. मी म्हणाले, "ताई, तुमचं झालं. दुपारच्या गाडीला निघालात तर उजेडातच घरी पोचाल."

तिनं बाकावर बसत पदर सारखा केला. आत भावजयीचं नाव पुकारलं गेलं होतं, आणि ती दारातून मागं वळून बघत होती.

"जा, जा," कमल तिला म्हणाली. "कायबी दुखत न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्या दोघींचं हुईस्तवर बसते म्या."